लाचुंगच्या चढावरचं पित्त

पाथर्डीच्या स्टँडसमोरच्या टपरीवर मी ही हकिकत सांगतो तेव्हा लेहच्या वाटेवरच्या गाटा लूपला चौऱ्याऐंशी वळणं असतात, थंडी अशी असते की दिलेली शिवी समोरच्याच्या कानापर्यंत पोचायच्या आत गोठून खाली पडते, आणि शेवटच्या वळणावर एक अस्वल लिफ्ट मागतं. कागदावर हात जरा आवरावा लागतो. वळणं एकवीस आहेत. अस्वल नव्हतं. थंडीतलं मात्र मी काही कमी करणार नाही.

टपरीवर जे सांगत नाही ते असं, की त्या रस्त्यावर माझे व्याही माझ्या शेजारच्या सीटवर मरायला टेकले होते, आणि त्यांना तिथवर नेलं होतं मी, निव्वळ तोंडाच्या जोरावर.

आधी गाडीचं सांगतो. दहा टायरी, टर्बो डिझेल. टर्बो म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला मी असं सांगतो: इंजिनातून जो धूर बाहेर पडायला निघतो, त्याच धुराच्या जोरावर एक पंखा गरगर फिरतो आणि त्याचा जोडीदार पंखा बाहेरची हवा इंजिनाच्या घशात कोंबतो. हवा जास्त, डिझेल जास्त जळतं, ताकद जास्त. करंजी घाटात सोळा टन घेऊन मी जुन्या गाड्यांच्या शेजारून निघून जातो तेव्हा टर्बोची ती बारीक शिट्टी ऐकून त्यांचे ड्रायव्हर बायकोशी भांडल्यासारखी तोंडं करतात. आणि जितकं वर जावं तितकी त्या शिट्टीची किंमत कळते. वर हवा विरळ. पंधरा हजार फुटांवर साधं इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. टर्बो आपला आणखी जोरात फिरतो आणि मिळेल तिथून हवा गोळा करतो. "आपल्याकडं पाण्याचा टँकर येतो ना, तसा ह्यो हवेचा टँकर हाय," असं मी ज्याला त्याला सांगायचो. माणसाच्या नाकाला टर्बो बसवलेला नसतो, ही गोष्ट मात्र माझ्या डोक्यात कधी आली नाही.

लेहला मी त्याआधी एकदाच गेलो होतो. सांगताना अकरा वेळा.

नगरच्या एमआयडीसीतून ट्रान्सफॉर्मर भरले होते. बरोबर येणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरनं ऐन वेळी पाय मागं घेतला. ही गोष्ट लेकीच्या सासरी पोचली, आणि संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला, "मी येतो की. लायसन जित्तं हाय माझं."

माझी थोरली लेक आमच्याच नगर जिल्ह्यातल्या बेलापूरला दिलेली. व्याही म्हणजे कालव्याच्या पाण्यावर वाढलेला माणूस, आणि तीस वर्षं साखर कारखान्याला ऊस वाहिलेला. जुनी, बिनटर्बोची गाडी, कडेला दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय, समोरून एसटी आली तर एसटीनंच शेतात उतरायचं, असा त्यांचा संसार. आता गाडी विकून घरी बसले होते. मरायच्या आधी एकदा बर्फ बघायचा, असं त्यांच्या मनात होतं. बोलताना त्यांनी 'मरायच्या आधी' असंच म्हटलं होतं, आणि मी फोनवर मोठ्यानं हसलो होतो.

आता व्याही बरोबर असणं म्हणजे काय, हे ज्यानं मुलगी दिली आहे त्यालाच कळेल. पहिला चहा त्यांचा. खाटेची भिंतीकडची बाजू त्यांची. ते 'असू द्या' म्हणाले तरी असू द्यायचं नाही. ते दुसरे ड्रायव्हर म्हणून आले होते, पण व्याह्यांना गाडी हाकायला लावली असं बेलापुरात कळलं असतं तर माझ्या लेकीला पुढची दहा वर्षं ते ऐकावं लागलं असतं. म्हणून स्टिअरिंग मी सोडत नव्हतो. आणि मुलाकडच्यानं मुलीकडच्याजवळ मागायचं कसं, म्हणून ते मागत नव्हते. मनालीपर्यंत अठराशे किलोमीटर मी झोपेत चालवत होतो आणि ते जागे राहून माझ्याकडं बघत होते.

टोमणे मात्र चालू होते, ते दोन्ही घरांना मंजूर असतात.

"पाव्हणं, तुमच्या गाडीला शिट्टी वाजवायची लई सवय," ते म्हणायचे. "कारखान्याचा भोंगा बसवलाय का आत?"

"तुमच्या जुन्या गाडीला भोंगाबी न्हवता आन् ताकदबी न्हवती."

"पर ती कधी रस्त्यात बसली न्हाई."

त्यांनी घरून एक गाठोडं आणलं होतं. त्यात जुन्या ट्यूबच्या कापलेल्या लांब पट्ट्या आणि बाइंडिंग तारेचं भेंडोळं. उसाच्या गाडीवाले हे दोन जिन्नस देवाच्या फोटोआधी गाडीत ठेवतात, काहीही फाटलं, तुटलं, सुटलं की ट्यूबची पट्टी ताणून बांधायची. ते गाठोडं बघून मी म्हणालो होतो, "पाव्हणं, ही टर्बो गाडी हाय, उसाची गाडी न्हवं." त्यांनी ते सीटखाली सारलं.

निघताना लेकीचा फोन आला होता. "पप्पा, मामांना जपा. त्यांना काय होत असलं तरी ते तुमच्यापुढं बोलायचे नाहीत." सासऱ्यांना ती मामा म्हणते. मी म्हटलं, तुझ्या मामांना मी अंगठीसारखं बोटात घालून परत आणतो.

केलाँगच्या पुढं एका चहावाल्या बाईनं गाडीचा नंबर बघितला, आमची तोंडं बघितली आणि विचारलं, कुठं मुक्काम? मी म्हणालो, आज सरचू. ती म्हणाली, एकदम नका जाऊ. खाली जिस्पाला दोन रात्री काढा, अंगाला हवेची सवय होऊ द्या. सरचूत झोपू तर मुळीच नका, फार उंच आहे.

मी काय म्हणालो असेन? "मावशी, आम्ही पाथर्डीची माणसं. आमच्याकडं उन्हाळ्यात पक्षी उडता उडता भाजून निघतात. आम्हाला हवा काय करणार?" ती हसली नाही. व्याह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना थांबायचं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुमी म्हनाल तसं."

सरचूला आम्ही झोपलो. म्हणजे मी झोपलो.

सकाळी उठलो तर व्याही तंबूच्या दाराशी उकिडवं बसून ओकत होते. चेहरा पिठाच्या डब्यात घातल्यासारखा. "डोकं लई दुखतंय," एवढंच म्हणाले, आणि तेही मी तीनदा विचारल्यावर.

आता आमच्या मुलखात डोकं दुखलं आणि उलटी झाली की त्याला एकच नाव आहे. उपास घडला, पित्त. जागरण झालं, पित्त. सून उलटून बोलली, पित्त. मी ताबडतोब निकाल दिला, "रात्रीचा राजमा बाधला. पित्त झालंय."

"पित्तच हाय," व्याही म्हणाले. दोघांनाही बरं वाटलं. ओळखीचं दुखणं भेटलं की माणसाला परदेशात गाववाला भेटल्याचा आनंद होतो. मी त्यांना खायचा सोडा पाण्यातून दिला, पित्ताची एक गोळी दिली, आणि म्हणालो, जरा पडा. ते पडले. आमच्या शेजारच्या सगळ्या गाड्या उजाडता उजाडता निघून गेल्या. आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि रस्त्यावर आमच्याशिवाय फक्त वारा होता.

गाटा लूपची एकवीस वळणं गाडीनं अशी चढली की मी स्वतःवरच खूष झालो. डोंगर उभा, रस्ता दोरी गुंडाळून ठेवल्यासारखा, खाली बघितलं तर आपणच अर्ध्या तासापूर्वी जिथं होतो तो रस्ता सुतळीएवढा. दुसऱ्या गिअरवर, शिट्टी वाजवत, गाडी वर. मी बडबडत होतो. व्याही काचेला डोकं टेकून बसले होते. पंधराव्या-सोळाव्या वळणापासून त्यांनी टोमण्याला उत्तर देणं बंद केलं होतं, आणि मी समजलो माझ्या गाडीपुढं त्यांना बोलायला जागा उरली नाही.

पहिली खिंड ओलांडून खाली एका नाल्यापाशी उतरलो आणि समोर लाचुंगचा चढ लागला. हा सोळा हजार फुटांच्या वर जातो. पलीकडं उतरलं की पांग, तिथं लष्कराचा तळ. मी गाडी पहिल्यावर टाकली, एक्सिलेटर दाबला, शिट्टी चढत गेली, चढत गेली, आणि फाट्!

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज. शिट्टी गप. मागं आरशात काळ्या धुराचा असा लोट की वाटलं आपण डांबराची भट्टी ओढत चाललोय. गाडी वीस पावलं गेली, गुरगुरली आणि थांबली. हँडब्रेक ओढला, खाली उडी मारून चाकाला दोन दगड लावले. तेवढ्यानं माझ्या छातीत अख्खा ढोलताशा वाजायला लागला.

केबिन पुढं झुकवल्याशिवाय इंजिनाला हात पोचत नाही, आणि आत माणूस असताना ती झुकवता येत नाही. मी दार उघडून म्हणालो, "पाव्हणं, जरा उतरता का?"

ते उतरले. पायरीवरून पाय जमिनीवर ठेवला आणि एकदम डावीकडं गेले, मग उजवीकडं. दारू प्यालेला माणूस मी ओळखतो, मी स्वतः त्यातला जाणकार आहे. व्याही तर माळकरी. आयुष्यात थेंब घेतला नाही. ते तसे झोकांड्या खात एका दगडापर्यंत गेले, दगडावर न बसता दगडाच्या शेजारी बसले, आणि माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "आपला नंबर कवा लागंल?"

"कसला नंबर?"

"म्होरं किती गाड्या हायेत?"

उसाची गाडी कारखान्याच्या आवारात आली की तिला नंबर मिळतो. रांगेत कधी एक दिवस जातो, कधी दोन. नंबर आला की गाडी गव्हाणीवर, म्हणजे जिथं ऊस ओततात तिथं, घ्यायची. समोर उघडाबोडका डोंगर, वर निळं आभाळ, शंभर किलोमीटरात उसाचं एक पान नाही, आणि व्याही आपला नंबर यायची वाट बघत बसले होते.

पित्तात असं होत नाही. एवढं मला कळलं. पुढचं काही कळत नव्हतं.

मोबाईलला रेंज नाही. पाईप बघितला. टर्बोतून पुढं हवा नेणारा तो जाड रबरी पाईप, क्लिपेच्या जवळ वीतभर फाटला होता. तेवढ्यात वरून एक डिझेलचा टँकर उतरला. हिमाचली ड्रायव्हर, माझ्याच वयाचा. त्यानं गाडी थांबवली, पाईप बघायच्या आधी व्याह्यांकडं बघितलं.

"इनको क्या हुआ?"

"पित्त," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

"पित्त-वित्त नहीं है, भाई. हवा लगी है." मग त्यानं जे सांगितलं ते मी आजही शब्दन् शब्द म्हणून दाखवीन. ह्या माणसाच्या डोक्यात पाणी चढतंय. मागं न्यायचं तर सरचूत तसाच अडकशील, त्याच्याही पलीकडं पुन्हा मोठी खिंड आहे. पांगला डॉक्टर आहे, सिलिंडर आहे. लेहकडं जाणाऱ्या गाड्या सकाळीच पुढं गेल्या, मनालीकडून निघालेल्या आज सरचूत मुक्काम करतील. तुझ्या मागून कुणी येणार नाही. तुझीच गाडी चालू कर. आणि ह्याला झोपू देऊ नकोस. झोपला तर उठवायला जमणार नाही.

पाईप नवीन नव्हता माझ्याकडं. टर्बोवाल्या गाडीत कसल्या ट्यूबच्या पट्ट्या ठेवता, असं ज्यानं हिणवलं होतं त्या मीच सीटखालून ते गाठोडं ओढून काढलं. टँकरवाला पाईपची फाटकी टोकं जुळवून धरत होता, मी पट्टी ताणून ताणून गुंडाळत होतो, एकावर एक, निम्मी पट्टी निम्मीवर चढवत. हात लाकडाचे झाले होते. तार पिळताना करंगळीला खोल चीर गेली, रक्त आलं, पण दुखलं नाही. दर चार वेढ्यांनंतर मी मान वळवून ओरडायचो, "पाव्हणं!" आणि ते म्हणायचे, "व्हय." एकदा म्हणाले नाहीत. मी धावत गेलो, धावता धावता डोळ्यांपुढं काजवे चमकले, त्यांना खांद्याला धरून हलवलं. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "गाडी म्होरं घेऊ का?"

टँकरवाल्यानं जाताना पाईपवर हात ठेवून सांगितलं, हे बांधलेलं आहे, बनलेलं नाही. जोर दिलास तर पहिल्याच झटक्याला उडेल. पाय हलका ठेव.

सोळा टन, सहा किलोमीटर चढ, आणि पाय हलका ठेव.

व्याह्यांना दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं, सीटच्या पट्ट्यानं बांधलं. टँकर खाली गेला. मी दगड काढले आणि गाडी सुरू केली.

ही सहा किलोमीटर मी टपरीवर कधी नीट सांगितलेली नाहीत. तिथं मी गाडी पाण्यावर बदक सोडावं तशी वर नेतो. खरं असं होतं, की उजव्या पायाच्या अंगठ्याएवढी जागा माझ्याजवळ होती. त्या जागेच्या अलीकडं गाडी मरगळून बंद पडायची, आणि बंद पडली तर पुन्हा हलवायला जो जोर लागेल त्यात पाईप जाणार. त्या जागेच्या पलीकडं शिट्टी चढायची, म्हणजे हवेचा दाब चढतोय, म्हणजे पट्टी सुटणार. मध्ये जो काय एक बारीकसा आवाज होता, दूर कुठं तरी लहान मूल दात खात असल्यासारखा, तो धरून मला चालायचं होतं. मी श्वास धरून ऐकत होतो, आणि श्वास धरायला तिथं श्वासच नव्हता. पायी चालणारा माणूस आमच्या पुढं निघून गेला असता. मुंगीनंही चालताना मागं वळून बघितलं असतं.

आणि शेजारी व्याही झोपायला लागले.

"पाव्हणं, डोळे उघडा."

"हं."

"पाव्हणं, बोला काही तरी. बेलापूरचं सांगा."

काही नाही. डोकं छातीवर.

"अहो! अहो पाव्हणं!"

दोन्ही हात सोडता येत नव्हते, कड्याची बाजू माझ्याकडं होती. मी डाव्या हातानं त्यांच्या मांडीवर थापटलं. व्याह्यांच्या मांडीवर! तरी काही नाही. त्यांचा खालचा ओठ सुटला होता आणि निळा दिसत होता. माझ्या डोळ्यांपुढं माझी लेक दारात उभी राहिली. तिला मी काय सांगणार होतो? तुझे मामा राजमा बाधून गेले?

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं.

"ए! ए बेलापूरवाल्या! डोळे उघड!"

त्यांचे डोळे खाडकन उघडले. कानांत गरम तेल घातल्यासारखे. बेलापुरात त्यांना अरे म्हणणारं कुणी शिल्लक नसावं. मोठे भाऊ गेलेले, आई गेलेली. त्यांनी मान फिरवून कोण बोललं ते शोधलं.

"झोपलास तर लाथ घालीन!" मी ओरडलो. "नंबर आलाय तुझा! गाडी गव्हाणीवर कोन घेनार? तुझा बाप?"

"नंबर आला?" ते म्हणाले.

"आलाय! सांग, कशी घेऊ?"

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. डोळे अर्धवट, जीभ जड, पण सांगत राहिले. "हळू घे... हळू... म्होरं बैलगाडी हाय, बैल बुजतील... दाबू नगं... दाबू नगं म्हनलं ना... हां. आस्सं." माझा पाय जिथं शिट्टीकडं झुकत होता तिथं ते 'दाबू नगं' म्हणत होते. त्यांना शिट्टी ऐकू येत होती की तीस वर्षांपूर्वीची बैलं दिसत होती, देव जाणे. मी ऐकत होतो. सोळा टनांची गाडी मी त्या खिंडीत एका बेशुद्ध होत चाललेल्या माणसाच्या सांगण्यावर चढवली, आणि ह्यात मी एक अक्षर वाढवलेलं नाही.

मध्ये दोनदा ते थांबले. पहिल्यांदा मी त्यांना अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. दुसऱ्यांदा शिवीनं भागलं नाही. मी एक कानाखाली दिली. मुलीच्या बापानं, व्याह्याला. किती जोरात, ते विचारू नका. ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "घेतोय की, मारता कशाला?" आणि पुन्हा, "हळू... हळू घे."

माथ्यावर रंगीत पताका फडफडत होत्या. लोक तिथं थांबून फोटो काढतात. पट्टीच्या एका कडेतून हवा फुसफुसायला लागली होती, सापानं बसल्या जागी मान काढावी तशी. मी थांबलो नाही.

उतार सोपा असतो असं ज्याला वाटतं त्यानं सोळा टन मागं घेऊन तो उतरावा. आता टर्बोचं काही काम नव्हतं, पण मला पळवायची होती गाडी, आणि पळवता येत नव्हती. जितका खाली जाऊ तितकी हवा मिळणार, आणि जितका जोर करू तितके ब्रेक तापणार. दुसऱ्या गिअरवरून मी हललो नाही. दोन्ही बाजूला मातीच्या भिंती, रस्ता फुटलेला, प्रत्येक खड्ड्यात व्याह्यांचं डोकं इकडून तिकडं. ते आता काही सांगत नव्हते. मी ए म्हणालो, अरे म्हणालो, अहो म्हणालो, देवा म्हणालो. त्यांची छाती हलत होती, एवढंच. मी रस्ता बघायचो, छाती बघायचो. रस्ता, छाती. ब्रेकच्या रबराचा जळका वास केबिनभर.

पांगचे तंबू दिसले तेव्हा मी हॉर्नवर हात ठेवला तो तळाच्या फाटकापर्यंत काढला नाही.

दोन जवानांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टर पोरसवदा बाई होत्या, माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी व्याह्यांच्या बोटाला चिमटा लावला, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पन्नाशीच्या आत होता. लगेच मास्क, लगेच सुई. मग मला हिंदीत विचारलं, केव्हापासून?

"सकाळपासून. आम्हाला वाटलं पित्त आहे."

"पित्त म्हणजे?"

मी समजावायला लागलो. पोटातून वर चढतं, डोक्यात जातं, मळमळतं. राजमा. सोडा. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यानं मला जास्त लाज वाटली. त्या म्हणाल्या, आणखी एक तास लागला असता तर हे सगळं तुम्ही मला सांगत बसला नसता. मग विचारलं, हे तुमचे कोण?

"व्याही."

"म्हणजे?"

हेही त्यांना हिंदीत सांगावं लागलं. मी म्हणालो, माझी मुलगी यांच्या घरी आहे. आणि तसाच बाहेर जाऊन गाडीच्या चाकाला पाणी पाजल्याचं नाटक करत उभा राहिलो. डोळ्यांतून जे आलं ते वाऱ्यानं आलं.

तासाभरानं मला आत बोलावलं. आकडा ऐंशीच्या वर गेला होता. मी पायथ्याशी बसून त्यांचे तळवे चोळत होतो. व्याह्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, मास्क जरा बाजूला केला.

"पाव्हणं."

"बोला, बोला."

"मला 'ए' कोन म्हनत हुतं?"

मी तळवे चोळायचा थांबलो नाही. "टँकरवाला."

"आन् कानाखाली?"

"त्यानंच. लई आडदांड मानूस."

त्यांनी तंबूच्या छताकडं बघितलं. "मराठी लई चांगलं बोलत हुता," म्हणाले, आणि मास्क परत लावला.

त्यांना संध्याकाळच्या आत अँब्युलन्सनं लेहला हलवलं, सिलिंडर लावून. मी तळावरच्या मेकॅनिककडून एक जुना पाईप मिळवला, दुसऱ्या दिवशी टांगलांग खिंड ओलांडली, एकटा, एक शब्द न बोलता, आणि माझ्यासाठी हा विक्रम आहे. ट्रान्सफॉर्मर उतरायच्या आधी गाडी दवाखान्याकडं वळवली.

वॉर्डाच्या दाराबाहेरच मला त्यांचा आवाज ऐकू आला. खणखणीत. आत चार खाटा, चारी खाटांवरची माणसं उठून बसलेली, दोन नर्स उभ्या. व्याही उशीला टेकून, दोन्ही हातांत हवेतलं स्टिअरिंग धरून, मोडक्या हिंदीत सांगत होते.

"...आमच्या व्याह्यांना हवा लागली बघा. पार येड्यासारखं कराया लागले. ए काय म्हनतेत, शिव्या काय देतेत. मानूस हातचा जातोय म्हनल्यावर मी काय केलं? गाडी मीच वर काढली. ह्यांना म्हनलं, दाबू नगं. हळू घे. बैलं हायेत म्होरं—"

नर्सनं विचारलं, बैल?

"ते सोडा," व्याही म्हणाले. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडं गेली. मी दारात उभा. क्षणभर आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्यांचे हात हवेतच होते.

मुलीकडचा माणूस मी. आणि ते जिवंत होते, ओठ लाल होते, आवाज वॉर्डाच्या बाहेर जात होता.

"व्हय," मी चारी खाटांना सांगितलं. "मला काहीच आठवत न्हाई. ते होते म्हणून वाचलो."

"बसा, पाव्हणं," व्याही सरकून जागा करत म्हणाले, "अजून अशक्तपणा असंल तुमाला." आणि पुन्हा स्टिअरिंग धरून त्यांनी गाडी पुढं घेतली. मी खाटेच्या कडेला बसून शेवटपर्यंत ऐकलं. चांगलं सांगतात. त्यांनी वळणं तीसच केली होती, मी हळूच म्हणालो, "पाव्हणं, जास्त हुती."